पळते मीटर

माझ्या पुतण्याने गेल्या वर्षी मोटारीला मोठी चाके बसवली आणि पुढचे पंधरा दिवस तो पेट्रोलच्या नावाने बोटे मोडीत हिंडत होता. त्याचे घर दादरला, माझे अजून लालबागेतच. एका रविवारी जेवायला गेलो तर ताटावर बसल्याबसल्या त्याने सुरुवात केली. "काका, गाडीचं ॲव्हरेज पडलं. लिटरला वीस द्यायची, आता जेमतेम एकोणीस देते. पंपवाले भेसळ करतात!"

मी विचारले, "चाकं कुठली घातलीस?"

जुनी चाके १६५/८० आर १४ मापाची होती. नवी घातली ती २०५/६५ आर १५. दिसायला रुबाबदार, फक्त पुरते वळण घेताना आतल्या चिखलपट्टीला थोडी घासत. मी वर्तमानपत्राच्या समासावर हिशेब मांडला. टायरवरचा पहिला आकडा रुंदीचा, मिलीमीटरमध्ये. दुसरा म्हणजे त्या रुंदीच्या शेकडा किती उंच टायरची भिंत, ते. शेवटचा आकडा आतल्या लोखंडी चाकाचा, इंचांत. (एकाच मापात मिलीमीटर, टक्के आणि इंच गुण्यागोविंदाने नांदतात, हा चमत्कार कुणी केला ते देव जाणे.) या हिशेबाने जुने चाक ६१९.६ मिलीमीटर उंच आणि नवे ६४७.५. फरक सुमारे साडेचार टक्क्यांचा. गाडीतल्या यंत्राला रस्ता दिसत नाही. ते बापडे चाकाच्या फेऱ्या मोजते आणि कारखान्यात पढवलेल्या घेराने गुणून किलोमीटर सांगते. चाक मोठे झाले की फेऱ्या कमी होतात, म्हणजे खरे १०० किलोमीटर चालून गाडी ९५.७ सांगणार. वीसचे एकोणीस तिथे झाले. गाडीने पेट्रोल जास्त खाल्ले नव्हते, रस्ता गिळला होता!

"पण काका, स्पीड तर आता मोबाईलशी अगदी जुळतो. आधी काटा नेहमी चार-पाच पुढे असायचा."

तेही खरेच होते. कारखानदार काटा मुद्दामच थोडा पुढे ठेवतात. संयुक्त राष्ट्रांच्या ज्या नियमावर जगातल्या बहुतेक मोटारी बेतलेल्या असतात तो असा आहे की, काट्याने खऱ्या वेगापेक्षा कमी कधीही दाखवू नये. जास्त दाखवला तर मात्र दहा टक्के आणि वर चार किलोमीटरपर्यंत माफ. पुतण्याच्या मोठ्या चाकांनी ही सावधगिरीची शिल्लक खाऊन टाकली होती आणि तो तिलाच अचूकपणा समजून बसला होता. १५ इंची चाकेच हवी होती तर १८५/६५ घ्यायची. उंचीत फरक पडला असता दोन मिलीमीटरचा.

"तुम्हाला हे सगळं कसं ठाऊक?" त्याने विचारले.

"तुझ्या आजोबांमुळे," मी म्हणालो. आजोबा त्याने फोटोतच पाहिलेले. म्हणून जेवण झाल्यावर त्याला ही हकीकत सांगितली, तीच इथे सांगतो.

माझे वडील परळच्या एका गिरणीत रिंग खात्यात फिटर होते. गिरणीतला फिटर म्हणजे हातात पाना घेतलेला हिशेबनीस. चाळीस नंबरचे सूत म्हणजे काय, तर ८४० वारांची एक अशा चाळीस लडी वजनाला एक पौंड भरल्या पाहिजेत. नंबर बदलायचा झाला की यंत्राच्या बाजूचे झाकण उघडून एक छोटे दातेरी चाक काढायचे आणि दोन दाते कमी किंवा जास्त असलेले दुसरे बसवायचे. त्याला 'चेंज व्हील' म्हणत. एका दात्याची चूक झाली तर शेकडो चात्यांवर चुकीचे सूत निघे. बाबा शिकलेले जेमतेम सातवी, पण त्रैराशिक त्यांच्या बोटांत होते.

१८ जानेवारी १९८२ ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास माणसे बाहेर पडली आणि त्यांतली पुष्कळशी पुन्हा आत गेलीच नाहीत. त्या दिवसांवर पुष्कळांनी लिहिले आहे, मी काही वेगळे सांगणार नाही. आमच्या घरापुरते सांगायचे तर आईच्या चार पाटल्या गेल्या, मामांनी थोडे घातले आणि १९८४ मध्ये बाबा परमिटसह एका जुन्या फियाट टॅक्सीचे मालक झाले. गाडी कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात तयार झालेली, अंगाने काळी, माथ्याने पिवळी. बाबा तिला साच्यासारखे पुसत. रोज रात्री बॉनेट उघडून कान देऊन ऐकत.

ज्यांनी त्या टॅक्स्या पाहिल्या नाहीत त्यांच्यासाठी मीटरचे थोडे सांगायला हवे. मीटर गाडीच्या बाहेर, पुढच्या डाव्या अंगाला, लोखंडी डबीत बसवलेले. ते पाडले की आकडे चालू. आत बॅटरी नाही, वीज नाही. चावीचे एक घड्याळ थांबल्या वेळेचे पैसे मोजी आणि दाते-चाकांची एक माळ अंतर मोजी. ही माळ फिरवणारी केबल आमच्या गाडीत गिअरबॉक्सच्या शेपटीकडून येई. तिथल्याच जोडावरून दुसरी केबल स्पीडोमीटरला जाई. मीटरवरचे पैसे जुन्या दराचे असत. पुढे पुढे दर वाढला की मीटर तेच राही आणि ड्रायव्हरजवळचा तक्ता बदले. किमान भाडे १.६ किलोमीटरपर्यंत असे, म्हणजे जुना मैलच कोट बदलून बसलेला.

आता गोम इथे आहे. गिअरबॉक्सची शेपटी चाकाशी थेट बांधलेली नसते. तिच्यापासून लांब दांडा मागे जातो, मागच्या ॲक्सलमध्ये छोट्या पिनियनने मोठ्या क्राऊनला फिरवतो आणि मग चाक फिरते. मीटर मोजते ते दांड्याच्या फेऱ्या. दांड्याच्या किती फेऱ्यांना चाकाची एक फेरी, आणि चाकाच्या एका फेरीला किती रस्ता, या दोन गोष्टी ते गृहीत धरते. यांतली एक जरी बदलली तरी मीटर खोटे बोलू लागते, आणि बोलते अगदी शपथेवर.

१९८६ च्या पावसाळ्याआधी आमच्या गाडीचा मागचा ॲक्सल कण्हू लागला. नवा परवडणारा नव्हता. बाबांनी भंगारातून क्राऊन-पिनियनची एक जोडी आणली. कुठल्या गाडीची, ते दुकानदारालाही ठाऊक नव्हते. मेकॅनिक म्हणाला, "बसते आहे ना? मग झालं." बसली. उलट गाडी पूर्वीपेक्षा चपळ उठू लागली, भरल्या गाडीनिशी चढ सहज चढू लागली. बाबा खूश. वेगात असताना इंजिन जरा जास्त ओरडते एवढेच त्यांच्या कानाने टिपले होते. टायर बदलायलाही झाले होते, पण दिवाळीपर्यंत चालवू म्हणून तसेच राहिले होते.

त्या सुमाराला गिरगावातले एक वृद्ध गृहस्थ बाबांचे बांधलेले गिऱ्हाईक झाले. आठवड्यातून एकदा पत्नीला ठाकूरद्वाराहून परळला केईएममध्ये न्यायचे. कुठल्याशा पेढीत खजिनदार होते म्हणे. बाबा त्यांना वेळेवर घेत, आजींना हात देऊन उतरवत, वाट पाहत आणि परत आणून सोडत. सातव्या खेपेला उतरल्यावर आजोबांनी पैसे मोजून दिले, खिशातून छोटी वही काढली आणि अगदी हळू आवाजात म्हणाले, "राग मानू नका. पण तुमचं मीटर पळतं. दुसऱ्या टॅक्सीने आलो त्या चारही वेळा दोन उड्या कमी पडल्या होत्या. रस्ता तोच."

ते ओरडले असते तर बाबा दुप्पट ओरडले असते. टॅक्सीवाल्याला त्याची सवय असते. पण हा माणूस वही दाखवून बोलला आणि पैसे मात्र पुरते देऊन गेला. बाबा त्या दिवशी दुपारीच घरी आले. जेवले नाहीत. आई म्हणाली, "अहो, तुम्ही काय मीटर मारलंय का? मग कशाला लावून घेता?" मीटर 'मारणे' म्हणजे आत हात घालून पळवणे, हा शब्द चाळीत सगळ्यांना माहीत होता. बाबा म्हणाले, "मी मारलं नाही हे मला ठाऊक. त्यांना कुठून ठाऊक? त्यांच्या वहीत काय लिहिलंय ते खरं."

मी तेव्हा माटुंग्याला व्हिक्टोरिया ज्युबिलीत यंत्रशास्त्राच्या पदविकेला होतो, दुसऱ्या वर्षाला, आणि त्या वयात येते तेवढी अक्कल मला नको इतकी आलेली होती. मी म्हणालो, "मोजून बघू."

रविवारी पहाटे चाळीमागच्या गल्लीत आमची प्रयोगशाळा भरली. टायरवर खडूची रेघ ओढली, तिच्याखाली जमिनीवर दुसरी. रिकामी गाडी मोजून उपयोग नाही, कारण वजनाने टायर खाली दबतो आणि घेर कमी होतो. म्हणून आई, शेजारच्या काकू आणि त्यांची दोन मुले यांना उतारू म्हणून आत बसवले. काकू पातळ सावरून अशा बसल्या होत्या की जणू महाबळेश्वरला निघाल्या आहेत. आम्ही गाडी ढकलली, चाकाच्या बरोबर दहा फेऱ्या झाल्यावर थांबवली आणि टेप लावली. १८ मीटर ३ सेंटिमीटर. मग शेजारच्या टॅक्सीवाल्याचे एक कोरे स्टेपनीचे चाक उसने आणून पुन्हा सगळे पहिल्यापासून. १८ मीटर ४०. म्हणजे नुसत्या झिजेने दोन टक्के. टायरची नक्षी झिजून सहा-सात मिलीमीटर गेली तर एवढा फरक पडणारच.

पण दोन टक्क्यांनी दोन उड्या पडत नाहीत. बाबा म्हणाले, "मागचं बघ." आता एक चाक जॅकवर उचलले, दुसरे जमिनीवर ठेवले, दांड्यावर खडूची खूण केली. इथे मी फुशारकीने पुस्तकातले सांगितले की, एक चाक अडलेले असले तर मोकळ्या चाकाच्या दोन फेऱ्यांना क्राऊनची एकच फेरी होते. तेव्हा मोकळे चाक वीस वेळा फिरवायचे म्हणजे क्राऊन दहा वेळा फिरेल. जुन्या जोडीच्या क्राऊनला ४३ दाते होते, पिनियनला १०. ती अजून घरात पोत्यात होती. त्या हिशेबाने दांडा ४३ फेऱ्या फिरायला हवा होता. तो फिरला साडेपंचेचाळीस. बाबा गाडीखाली आडवे पडून मोजत होते, त्यांनी पुन्हा मोजायला लावले. पुन्हा साडेपंचेचाळीस, वर थोडेसेच. नव्या जोडीचे दाते निघाले ४१ आणि ९.

सहा टक्के हे आणि दोन टक्के टायरचे. ठाकूरद्वार ते केईएम सहा किलोमीटर धरले तर जवळजवळ अर्धा किलोमीटर आम्ही त्या म्हाताऱ्याकडून न चाललेल्या रस्त्याचे घेत होतो. बाबा गाडीखालून बाहेर आले, तोंडावर ग्रीस होते, आणि पहिले काय म्हणाले असतील? "सात खेपा. जाऊन-येऊन चौदा."

त्या दिवसापासून गाडी उभी. मीटरची मोहोर तोडून आत हात घालणे हा गुन्हा, आणि तो बाबांना जमणारही नव्हता. दुसरी क्राऊन-पिनियन घ्यायला पैसे नव्हते. मी सुचवले की केबलच्या वाटेतच एक डबी बसवू. डबीत दोन चाके, एक १७ दात्यांचे, दुसरे १८ चे. १७ चे १८ ला फिरवील, केबल सावकाश होईल. हिशेब इतका सुरेख जुळत होता की किलोमीटरमागे जेमतेम अर्ध्या मीटरची चूक राही. मी चित्र काढले, छेद दाखवले, खाली लफ्फेदार सही केली. बाबांचा गिरणीतला एक सोबती चिंचपोकळीजवळ एका छोट्या कारखान्यात लागला होता. त्याने पितळेची चाके कापून दिली. डबी बसवली. बाबांनी मीटर पाडले, गाडी गल्लीच्या टोकापर्यंत नेली.

मीटर हलेना. स्पीडोमीटरचा काटा तर शून्याच्या खिळीवर उलटा दाबून बसला, रुसलेल्या पोरासारखा.

त्या काट्याचेही सांगतो, कारण मला तो फार आवडतो. केबलच्या टोकाला एक लोहचुंबक फिरते आणि त्याच्यावर, त्याला न शिवता, ॲल्युमिनियमची एक वाटी असते. ॲल्युमिनियम चुंबकाला चिकटत नाही, पण फिरत्या चुंबकाने त्यात विजेचे भोवरे उठतात आणि वाटी त्याच्या मागे ओढली जाते. केसाएवढी स्प्रिंग तिला धरून ठेवते. या ओढाताणीत वाटी जिथे थांबेल तो वेग. ओटो शुल्झे नावाच्या जर्मनाने १९०२ मध्ये याचे पेटंट घेतले आणि पुढे शतकभर जगाच्या मोटारी त्यावर चालल्या. पण चुंबक उलटे फिरले तर वाटी उलटी ओढली जाणार, हे उघड आहे. आमचे उलटे फिरत होते.

बाबांनी डबी उघडली, पाच सेकंद पाहिली आणि संपानंतर मी त्यांना इतके मोठ्याने हसताना पहिल्यांदा पाहिले. "अरे इंजिनेर, मधलं चाक कुठंय?"

दोन दातेरी चाके एकमेकांना भिडली की एक उजवीकडे, दुसरे डावीकडे. दिशा राखायची तर मध्ये तिसरे हवे. गिरणीत त्याला 'कॅरिअर' म्हणत. त्याला दाते कितीही असोत, प्रमाणात फरक पडत नाही. ते एकाकडून घेते आणि दुसऱ्याला देते. हे पहिल्या वर्षाला शिकवतात. मीही शिकलो होतो, पेपरात लिहून गुणही मिळवले होते.

दुसरी डबी करायची ठरली तेव्हा बाबा एक दिवस काही बोलले नाहीत. मग रात्री म्हणाले, "तुझं सतरा-अठरा कोऱ्या टायरवर बरोबर. टायर झिजला की?"

"दोन टक्के पळणार," मी म्हणालो. "पण मग मधोमध धरू. कोऱ्या टायरवर एक टक्का आपला तोटा, झिजल्यावर एक टक्का फायदा. सरासरीने बरोबर."

"सरासरी कुणाची?" बाबांनी विचारले. "झिजल्या टायरवर जो बसेल त्याला मी काय सांगू? तीन महिन्यांपूर्वी दुसऱ्या कुणाचं कमी घेतलं होतं म्हणून?"

माझ्याजवळ उत्तर नव्हते. बाबांनी माझ्याच वहीवर त्रैराशिक मांडले आणि आकडा काढला: १२ आणि १३. या जोडीने पूर्ण झिजलेल्या टायरवर मीटर जवळजवळ बरोबर राही आणि कोऱ्या टायरवर शेकडा दोन-सव्वादोन मागे पडे. दिवसाला शंभर किलोमीटर गाडी फिरली तर दोन किलोमीटर बाबांचे फुकट. मी म्हणालो, "बाबा, हे नुकसान आहे." ते म्हणाले, "हो. पण ते मला ठाऊक असलेलं आहे."

गंमत म्हणजे कापायलाही ही जोडी सोपी निघाली. चाकाचे समान भाग पाडायला मिलिंग यंत्रावर एक छिद्रांची तबकडी असते. हँडलच्या चाळीस फेऱ्यांना चाकाची एक फेरी. तेरा दात्यांसाठी दर दात्याला तीन फेऱ्या आणि ३९ छिद्रांच्या वर्तुळावर तीन छिद्रे पुढे. बारासाठी तीन फेऱ्या आणि त्याच वर्तुळावर तेरा छिद्रे. तबकडी बदलावी लागली नाही. बाबा स्वतः हँडलाशी उभे होते. कापताना तोंडाने मोजत होते आणि मध्ये कुणी बोललेले त्यांना खपत नव्हते. चार वर्षांनी ते पुन्हा फिटर झाले होते, अर्ध्या दिवसापुरते.

विट्रुव्हियस नावाच्या रोमन लेखकाने दोन हजार वर्षांपूर्वी अशाच गाडीचे वर्णन केले आहे. साडेबारा फूट घेराचे चाक ४०० वेळा फिरले की ५००० फुटांचा रोमन मैल होई आणि वरून एक खडा काशाच्या भांड्यात टणकन पडे. पुढे मी ते वाचले तेव्हा मला प्रश्न पडला, त्या चाकाची धाव झिजली की खडे लवकर पडत असणार. त्याचे पैसे कोण देई?

डबी बसवून बाबा गाडी रीतसर तपासणीला घेऊन गेले, डबी दाखवली आणि का बसवली तेही सांगितले. मोजलेल्या अंतरावर गाडी चालवून पाहिली, पास झाली, नवी मोहोर लागली. तिथल्या माणसाने म्हणे विचारले, "मीटर मागे पडतंय, चालेल तुम्हाला?"

मग बाबा गिरगावात गेले. मला बरोबर नेले, हिशेब समजावून सांगायला. आजोबा दुसऱ्या मजल्यावर राहत, दार उघडेच होते. बाबांनी चौदा फेऱ्यांचे जास्तीचे पैसे कागदात गुंडाळून समोर ठेवले. आजोबांनी ते बाजूला सारले आणि म्हणाले, "कागद दाखवा." मी सगळे सांगितले: १८ मीटर ३, साडेपंचेचाळीस, ४१ आणि ९, बारा आणि तेरा. त्यांनी चष्मा लावून प्रत्येक गुणाकार स्वतः पुन्हा केला. एके ठिकाणी माझी पैशाची चूक निघाली, आमच्याच विरुद्ध. त्यांनी ती तांबड्या शाईने दुरुस्त केली, पुडीतून तेवढे पैसे बाबांना परत दिले, उरलेले वहीत जमा दाखवून ठेवून घेतले. आजींनी आतून चहा पाठवला. निघताना आजोबा बाबांना म्हणाले, "मंगळवारी दहाला. नेहमीसारखे."

पुढे दीड वर्ष ते मंगळवार चालले, आजी होत्या तोवर.

गाडी बाबांनी १९९७ मध्ये विकली. जाताना डबी काढून घेतली, कारण नव्या मालकाने ॲक्सल बदलला होता. यांत्रिक मीटरेही पुढे गेली, इलेक्ट्रॉनिक आली. ताडदेवला नोंदलेल्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची वीस वर्षांची मुदत ऑक्टोबर २०२३ मध्ये संपली आणि त्या जातीची काळी-पिवळी रस्त्यावरून उतरली. आता पुष्कळ गाड्यांचे भाडे उपग्रहाच्या हिशेबाने ठरते, टायर झिजो वा न झिजो.

पुतण्याने सगळे ऐकून घेतले. मग म्हणाला, "डबी आहे अजून?"

पुढच्या रविवारी तो लालबागेत आला. डबी मी कपाटातून काढून दिली. ग्रीस वाळून काळे झाले होते, रॉकेलने पुसावे लागले. त्याने एका बाजूचा दांडा चिमटीत धरला आणि फिरवू लागला, दुसऱ्या बाजूला खडूची खूण करून. तेरा फिरवले की बारा. त्याने तीनदा मोजून पाहिले.